अकरावी लढत

खडकी, पुणे
१८ ऑगस्ट १९७४

आक्का,

तुला आणि दाजींना जय भीम.

मला इथं येऊन दीड वर्ष झालं. दुष्काळात आपण पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होतो, तेव्हा मुकादम म्हणायचा, ह्या पोराचा हात दुसऱ्याच्या दुप्पट चालतो. त्या हातावरच गोदामात पोती उचलायचं काम मिळालं, हे तुला ठाऊक आहे. आता नवीन सांगतो.

गोदामामागच्या मैदानात एक रिटायर सुभेदार बॉक्सिंग शिकवतात. मोठे जाड मोजे हातात घालून दोघांनी एकमेकांशी लढायचं, घंटा झाली की थांबायचं. मी कामावरून सुटलो की बघत उभा राहायचो. परवा त्यांनी विचारलं, "नुसतं बघतोस काय? मार त्या पोत्याला." वाळूचं पोतं टांगलेलं असतं. मी मारलं, तर वरचा हूकच निसटला. सुभेदार हसले नाहीत, शाबासकी पण दिली नाही. म्हणाले, "नाव काय तुझं?"

आक्का, दीड वर्षात गोदामात कुणी मला नाव विचारलं नव्हतं. तिथं मी पाच नंबर.

उद्यापासून रोज जाणार आहे.

तुझा
बलभीम


उमरगा
६ सप्टेंबर १९७४

बलभीमा,

तुझं पत्र तुझ्या दाजींनी आणून दिलं. आता ते सोसायटीच्या दूध केंद्रावर माप घ्यायला असतात. सोसायटी नवी हाय, दूध कमी आन् मेंबरच जास्त. दुष्काळात जनावरं गेली ती काय लगीच येत न्हायत. पण दोन टाइमाची भाकर हाय, काळजी करू नकोस.

तू लिवलंस ते म्या दोनदा वाचलं. आय गेली तवा तू सहा वर्साचा व्हतास. गल्लीतल्या पोरांनी मारलं तर माझ्या मागं येऊन दडायचास, तू कधी कुणावर हात उगारला न्हाईस. आन् आता ज्याच्याशी तुझं कायबी भांडान न्हाय त्याच्या तोंडावर मारनार? आन् त्यो तुझ्या? ते तोंड म्या बारा वर्सं धुतलंय, येवढं ध्यानात ठिव.

पोट भरून खात जा.

तुझी आक्का
द्वारका


खडकी
२ मार्च १९७५

आक्का,

रागावू नकोस, सहा महिन्यांनी लिहितोय. लिहायला काहीतरी असावं म्हणून थांबलो होतो.

मी पुण्याच्या स्पर्धेत पहिला आलो. मोजे पहिल्यांदा घातले त्याला अजून सात महिने व्हायचेत. अंतिम लढतीत समोरचा सहा वर्षं शिकलेला होता. सुभेदार म्हणाले, "इतक्या लवकर शिकलेला पोरगा मी बघितला नाही. तुला कुणी शिकवलंच नाही, तू आलासच शिकून." मला माहीत आहे मी कुठं शिकलो. खडी फोडताना घण डोक्यावरून आणायचा नसतो, कमरेतून आणायचा असतो. ते तूच दाखवलं होतंस.

एक मुंबईचे शेठ आले होते. ते तिकीट लावून लढती भरवतात, आणि लढणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात. सुभेदारांना ते फारसं पसंत नाही, पण ते म्हणाले, तुझं वय आहे, जा, मी पण येतो. मी गोदाम सोडलं.

तोंड जागेवर आहे. फक्त भुवईवर एक टाका.

बलभीम


मुंबई
११ नोव्हेंबर १९७५

आक्का,

पाकिटात घडी घालून जाहिरात पाठवलीय. त्यात लाल अक्षरात आहे ते माझं नाव. खाली 'उमरग्याचा हातोडा' लिहिलंय, ते शेठचं डोकं. नऊ लढती झाल्या, नऊही जिंकलो. सहाव्या फेरीपलीकडं एकही गेली नाही. रस्त्यात लोक ओळखतात. परवा एका हॉटेलवाल्यानं चहा दिला आणि म्हणाला, माझ्या पोराच्या डोक्यावर हात ठेवा. आपल्या हाताला आजपर्यंत लोक काय म्हणायचे, ते तुला सांगायला नको.

फेब्रुवारीत मोठी लढत आहे. तू आणि दाजी या. तुम्हाला पुढच्या खुर्चीत बसवतो.

बलभीम


उमरगा
३ डिसेंबर १९७५

बलभीमा,

जाहिरात दूध केंद्रावर चिकटवली. मान्सं दूध घालायला येतात आन् आधी तुझं नाव वाचतात. चेअरमन मला म्हनले, "द्वारकाबाई, तुमच्या भावानं तालुक्याचं नाव काढलं." म्या घरी येऊन दार लावून रडले. चांगलं रडले, वंगाळ न्हाय.

आमाला यायला जमनार न्हाय. तुझ्या दाजीला रजा न्हाय, आन् खरं सांगू का, तुला कुनी मारलेलं माझ्यानं बघवनार न्हाय. तू मारलेलं पन.

आक्का


मुंबई
२० फेब्रुवारी १९७६

आक्का,

अकरावी लढत झाली. जिंकलो. हात दुखतोय म्हणून जास्त लिहीत नाही.

ती जाहिरात काढून टाक.

बलभीम


उमरगा
१९ एप्रिल १९७६

बलभीमा,

ही तिसरी चिठ्ठी. पैल्या दोन पोचल्या का न्हाय ते तरी कळव. हात आजून दुखतो का? डाक्टरला दाखवलंस का?

तुझे दाजी म्हन्तात, दुखनं हाताचं नसंल, पोराचं कुठं तरी मन गुतलं असंल. तसं असलं तर लाजू नकोस. मुंबईची असू दे, परजातीची असू दे. माझ्या म्होरं घेऊन ये, म्या काय म्हननार हाय तुला? तुझं लगीन बघायचं येवढंच ऱ्हायलंय माझं.

जाहिरात काढायला गेले तर चेअरमन काढू देत न्हायत.

आक्का


मुंबई
९ मे १९७६

आक्का,

मुलगी नाही. एक माणूस मेला.

फेब्रुवारीत माझ्यासमोर जो लढणार होता तो आजारी पडला, म्हणून चार दिवस आधी दुसऱ्याला आणलं. शांतलिंग नावाचा. चौतीस वर्षांचा. पूर्वी पलटणीत लढलेला, आता गोदीत ओझी उचलायचा. कपडे बदलताना त्यानं विचारलं, "गाव कुठलं?" मी उमरगा म्हणालो. तो एकदम हसला. "अरे, मी कल्याणच्या अलीकडचा. इथलं नव्हे, उमरग्यापलीकडचं, कानडी मुलखातलं कल्याण. आपण एकाच बाजारचे की!" माझ्या डाव्या हाताची पट्टी सैल बसली होती. ती त्यानं सोडली आणि नीट आवळून बांधून दिली.

चौथ्या फेरीत तो पडला. पंचांनी दहा मोजले. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मी बघितलं, त्याचा पाय हलत होता. मला वाटलं, बरा आहे. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यातच वारला.

ज्या दिवशी मी तुला 'जिंकलो' लिहिलं, त्याच दिवशी त्याला ट्रकमधून गावी नेलं. सोलापूरवरून, हैदराबादच्या रस्त्यानं. म्हणजे तुझ्या दारावरूनच गेला असणार.

पोलीस सगळं विचारून, लिहून घेऊन गेले. सुभेदार म्हणतात, नियमात झालं. शेठ म्हणतात, खेळ आहे. सगळे मला सांगतात की माझा दोष नाही, आणि ते ऐकलं की मला श्वास घेता येत नाही. भाकरी तोडली की हाताकडं लक्ष जातं.

त्याची बायको आहे, रुद्रम्मा. म्हातारा बाप आहे, माणिकप्पा. बाकी कुणी नाही. कल्याणच्या अलीकडं फाट्यावर उतरलं की गाव दिसतं म्हणे. तुला बाजारात बसून बसून कानडी येतं. तू जाशील का? त्यांना सांग, मी मुद्दाम नाही केलं. त्या काय म्हणाल्या ते मला कळव. शिव्या दिल्या तरी शब्दाला शब्द कळव.

बलभीम


उमरगा
२७ मे १९७६

बलभीमा,

म्या जाऊन आले. काल सकाळच्या येष्टीनं गेले.

घर ल्हान हाय, पन सारवून सवरून ठिवलेलं. रुद्रम्मा माझ्यापरीस धाकली हाय. म्या कोन, कुठली, सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हनली, खेळात झालं, तुमच्या भावाचा दोष न्हाय. त्याला म्हनावं, जिवाला लावून घिऊ नको. निघताना ताक दिलं प्यायला. म्हातारा बी समजदार हाय.

आता तू नीट जेव. नीट झोप. झालं गेलं मागं टाक. माझी आन हाय तुला.

आक्का


मुंबई
२१ जुलै १९७६

आक्का,

तुझं पत्र मी खिशातच ठेवतो. कितीदा वाचलं, मोजलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवलो आणि सलग झोपलो. सुभेदारांनी पण ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाले, "मोठी बाई आहे ती."

परत मैदानात जायला लागलोय. सप्टेंबरात बारावी लढत ठरलीय. पण त्याआधी मला स्वतः जाऊन रुद्रम्माबाईंच्या पाया पडायचंय. ज्या बाईनं असं म्हटलं, तिला मी तोंड दाखवलं नाही तर माणूस कसला? ह्या शनिवारी निघतो. येताना तुझ्याकडं उतरीन.

बलभीम


तार
उमरगा, २४ जुलै १९७६

जाऊ नकोस. आधी माझ्याकडे ये. आक्का.


मुंबई
३० जुलै १९७६

आक्का,

तुझी तार परत आल्यावर मिळाली.

दार रुद्रम्मानंच उघडलं. मी नाव सांगितलं आणि तिच्या पायाशी वाकलो. म्हणालो, "तुम्ही माफ केलंत, माझ्या बहिणीला ताक दिलंत." ती मागं सरकली. तिला मराठी येतं, आक्का. म्हणाली, "कसलं ताक? ती बाई आली होती. तिला मी अंगणात पाय ठेवू दिला नाही. माफीचा शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही, आणि निघणार पण नाही."

मी तिथंच गुडघ्यावर होतो. आतून म्हातारा भिंत धरत आला. त्याला दिसत नाही. कोण आहे, असं त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. त्यानं दोन्ही हात पुढं केले. मला वाटलं मारतोय, आणि मला बरं वाटलं. पण त्यानं माझा उजवा हात धरला, एकेक बोटाचं हाड अंगठ्यानं चाचपलं. "हाच का?" म्हणाला. मी हो म्हणालो. बराच वेळ धरून ठेवला. मग म्हणाला, "त्याचा पण असाच होता," आणि सोडून दिला.

येताना एस.टी. उमरग्याला दहा मिनिटं थांबली. दूध केंद्राचे पत्रे दिसत होते. मी उतरलो नाही.

तू माझ्यासाठी केलंस, कळतं मला. पण त्या खोट्यावर मी दोन महिने जेवलो. आणि त्या बाईच्या दारात जाऊन मीच तिला सांगितलं की तिनं मला माफ केलंय. तिच्या तोंडावर तेव्हा काय उमटलं, ते तू बघायला हवं होतंस.

बारावी लढत लढणार नाही. खडकीच्या गोदामात परत जातोय. मला पत्र लिहू नकोस.

बलभीम


उमरगा
१४ नोव्हेंबर १९७६

बलभीमा,

लिवू नकोस म्हनलास, तीन म्हयने लिवलं न्हाय. आता लिवते, कारन हे माझं न्हाय, दुसऱ्याचं काम हाय.

आधी माझं सांगते. मे म्हयन्यात गेले तवा रुद्रम्मानं माझं नाव ऐकून हातातला तांब्या खाली ठिवला आन् "व्हा भाईर" म्हनली. पानी बी दिलं न्हाय. मला आधी वाटलं, जात कळली म्हनून. तसलं लई बघितलंय आपन. पन तिनं जात इचारलीच न्हवती. तिला माझ्यात तुझं रगत दिसत व्हतं. म्या फाट्यावर लिंबाखाली बसले आन् येष्टी येईपर्यंत इचार केला, तुला काय लिवू. खरं लिवलं असतं तर तू जगला नसतास, असं मला त्या घडीला वाटलं. ताक म्या मनानं घातलं. खोट्याला आधार पायजे म्हनून.

माझं चुकलं. तुझ्यापाशी चुकलं त्याच्याहून तिच्यापाशी जास्त. तिच्या नावानं म्या ते वाटून टाकलं, जे तिनं कुनालाच दिलं न्हवतं.

म्हनून परवा परत गेले. अंगनाच्या भाईर उभं ऱ्हाऊन तिला म्हनले, "म्या खोटं लिवलं. तुमच्या तोंडी जे घातलं ते माघारी घ्यायला आले." म्या निघाले, तर मागनं हाक आली. म्हनली, "तुझ्या भावाला एक इचार." म्या थांबले.

ती म्हनली, "ते पडल्यावर सुद्दीवर आलेच न्हायत. दवाखान्यात म्या दोन दिवस उशाला व्हते, एक शब्द न्हाय. शेवटचं ज्यानं ऐकलं असंल ते तुझ्या भावानंच. त्याला इचार, माझा मानूस शेवटी काय बोलला. बोलला असंल तर मला पायजे ते. ते माझं हाय."

काय बोलला असंल तर लिव. न्हाय बोलला तर तसं लिव. या खेपंला म्या काय घालनार न्हाय आन् काय काढनार न्हाय.

आक्का


खडकी
१९ डिसेंबर १९७६

आक्का,

महिना झाला, कागद समोर घेतो आणि ठेवून देतो. हे मी सुभेदारांना सांगितलं नाही, पोलिसांना सांगितलं नाही. तुला पण मे महिन्यात सांगितलं नाही. मी मुद्दाम केलं नाही, असं तुला लिहिलं होतं. त्याच्यामागं हे होतं.

चौथ्या फेरीत तो दमला होता. त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि दोन्ही हातांनी मला धरलं. दमलेला माणूस असं धरतो, श्वास घ्यायला. त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं. तो म्हणाला, "साकु, तम्मा. साकु."

उमरग्याच्या बाजारात वाढलेल्या कुणालाही हा शब्द कळतो. चहा ओतताना म्हणतात, शेंगा मोजताना म्हणतात. पुरे. पुरे, धाकल्या भावा. मुंबईच्या त्या सगळ्या गर्दीत तो कळणारा मी एकटा होतो. पंचांना कळला नाही, शेठला कळला नाही. त्याला ठाऊक होतं की मला कळणार. म्हणून त्यानं मला सांगितलं.

पंचांनी आम्हाला सोडवलं. मी एक पाऊल मागं गेलो. तेव्हा मी हात खाली सोडले असते तर झालं असतं. लोक ओरडत होते, शेठ काय म्हणतील, असलं काही मनात आलं असं लिहिलं तर ते पण खोटं होईल. तसलं काहीच मनात नव्हतं. मला शब्द कळला, आणि त्याची हनुवटी उघडी दिसली. दोन्ही एकदमच. मी मारलं.

आता तू ठरव. तिला सगळं सांग, नाहीतर फक्त शब्द सांग. पण मला वाटतं, सगळं सांगावं.

बलभीम


उमरगा
२ जानेवारी १९७७

बलभीमा,

काल गेले व्हते.

या खेपंला अंगनात येऊ दिलं. माणिकप्पा भिताडाला टेकून बसले व्हते. रुद्रम्मा सुपात जवारी निवडत व्हती, तिनं मान वर केली न्हाय. म्या तुझं पत्र वाचलं आन् एकेक वळ म्हाताऱ्यासाठी कानडीत फोडून सांगितली. शेवटची वळ सोडावी असं लई वाटलं. सोडली न्हाय.

म्या त्यो शब्द सांगितला तवा तिचा हात थांबला. म्हनली, "परत सांग." म्या परत सांगितला.

"तम्मा म्हनले?"

म्या व्हय म्हनले.

तिनं सूप खाली ठिवलं. मग म्हनली, "घरात त्यांनी कधी साकु म्हनलं न्हाय. दुस्काळात सडकंच्या कामावर रगत थुकले, तरी न्हाय. आमाला वाटायचं, ह्यास्नी दमनं ठावंच न्हाय." सुपातला एक खडा काढून टाकला आन् म्हनली, "एकदाच म्हनले. ते बी त्याच्यापाशी."

मग ती उठली, सूप घेतलं, आत गेली आन् दार लावून घेतलं. आदळलं न्हाय. हळूच लावलं. म्हातारा आन् म्या भाईर बसून ऱ्हायलो. ऊन कलंडलं, येष्टीची येळ झाली, तवा म्या उठले. दार उघडलं न्हाय.

बलभीमा, म्या एकदा तुला माफीचं खोटं लिवलं. आता खरं लिवते. माफी न्हाय. ती मिळनार न्हाय, आन् तू ती मागायला परत त्या दारात जाऊ नकोस. माझ्यापाशी बी ती न्हाय, माझी असती तर कवाच दिली असती.

तुझ्या दाजीला सगळं वाचून दाखवलंय. त्यांनी ऐकून घेतलं, केंद्रावर गेले आन् चेअरमनला न इचारता जाहिरात काढून आनली.

तू ये. काय बोलायचं न्हाय, काय सांगायचं न्हाय. येष्टी उमरग्याला थांबली की या खेपंला उतर.

आक्का